जुना लोडर घेताय? आधी विचारा, तो राबला कुठं

जुना लोडर, म्हणजे पुढं बकेट असलेलं खडी-माती भरायचं मशीन, बघायला आलेला माणूस आधी मॉडेल विचारतो, मग तास विचारतो. मी आधी विचारतो, "कुठं चालत होता?" तासाचं मीटर बदलता येतं, ते बंद ठेवूनही मशीन चालवता येतं. राबलेल्या जागेच्या खुणा मात्र रंगाखाली झाकत नाहीत. सातारा-कराड पट्ट्यात खडी क्रशर आणि साखर कारखान्यांच्या मशिनांवर मी फिटरचं काम करतो. तेव्हा पुढचं सगळं आमच्याकडच्या कामाच्या हिशेबानं वाचा.

कारखान्यावरचा लोडर हंगामात चार-पाच महिने रात्रंदिवस बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, ढकलतो आणि उरलेलं वर्ष शेडमागं उभा राहतो. बगॅस हलका, त्यामुळे पिन-बुश (सांध्यातली पिन आणि तिच्याभोवतीची नळी) आणि टायर बरे निघतात. पण तो रेडिएटरच्या जाळीत आणि सायलेन्सरच्या कडेला जाऊन बसतो. अशा मशीनला इंजिन तापल्याची आणि वायरिंग जळल्याची हिस्ट्री असते. जळकी टेप, जोडलेल्या वायरी, उंदरांनी कुरतडलेलं हार्नेस (वायरींचा जुडगा) बघा. क्रशरवरच्याचं उलटं असतं. काळ्या दगडानं टायर कापलेले, बकेटचं बूड पातळ झालेलं आणि एअर क्लीनरकडं दुर्लक्ष झालं असेल तर इंजिन आतून घासलेलं. गोव्यात २०१२ ला आणि पुन्हा मार्च २०१८ ला लोखंडाच्या खाणी थांबल्या, तेव्हा तिकडची बरीच मशिनं उभी राहिली. तिकडून आलेल्या मशीनच्या सांदीकोपऱ्यात लाल माती सापडतेच. ते कमी चाललंय म्हणून खूश होऊ नका. पावसात उभ्या राहिलेल्या मशीनच्या हायड्रॉलिक सिलिंडरच्या रॉडला गंजाचे खड्डे पडतात आणि त्या रॉडवर नवं सील घातलं तरी टिकत नाही. रॉड पूर्ण बाहेर काढायला लावून नख फिरवा, नख अडकलं तर त्या सिलिंडरचा खर्च धरा.

बघायला जायच्या आदल्या दिवशी फोन करून सांगा, मी येईपर्यंत मशीन चालू करू नका. गेल्यावर आधी इंजिनला हात लावा. गरम असेल तर विचारा कशाला चालू केलं होतं. थंड इंजिन एका दमात उचलतंय का, पहिला धूर निळा का पांढरा आणि किती वेळ टिकतो, हे इंजिन थंड असतानाच कळतं. चालू इंजिनवर ऑईल टाकायचं झाकण सैल करा. वाफेसारखा थोडा धूर चालेल, पण भकाभका येत असेल तर रिंग-लायनर (पिस्टनच्या कड्या आणि सिलिंडरचं अस्तर) गेले. रेडिएटरचं झाकण मात्र चालू करायच्या आधी, थंड असतानाच उघडा आणि पाण्यावर तेलाचा तवंग आहे का बघा.

आता सेंटर जॉइंट. लोडर मधोमध मुरडतो तो याच्यावर, आणि खरे पैसे इथंच अडकलेले असतात. ऑपरेटरला बकेट जमिनीवर दाबून पुढची चाकं थोडी उचलायला सांगा, मग हळूच सोडायला सांगा. तुम्ही बाजूला, चाकांपासून लांब उभं राहून पुढच्या आणि मागच्या फ्रेममधल्या फटीवर नजर ठेवा. फट उघडझाप करत असेल, 'ठक' आवाज येत असेल, तर बेअरिंग किंवा पिन-बुश गेलेत. नुसता बुश गेला असेल तर ठीक. पण पिन बसायचं फ्रेमचं भोक लांबट झालं असेल तर मशीन दोन भागांत सुटं करून भोक वेल्डिंगनं भरायचं आणि लाईन बोरिंग करून पुन्हा गोल कोरायचं, म्हणजे खर्च तर झालाच, मशीनही बरेच दिवस बंद. चालू मशीनच्या सेंटरमध्ये कधीही डोकं घालू नका. जवळून बघायचं तर आधी लॉक बार (मशीन मुरडू न देणारा दांडा) लावा, इंजिन बंद करा आणि चावी स्वतःच्या खिशात ठेवा.

नवा रंग दिसला की मी तडे शोधतो. लिफ्ट आर्मचे वेल्डिंगचे जोड, बेल क्रँक (बकेट वळवणारा दुवा) आणि सिलिंडर जिथं फ्रेमला धरतो ती जागा, तिन्ही बघा. संशय आला तिथं रंग घासून काढा, रॉकेल किंवा डिझेल फासा, पाच मिनिटांनी कोरड्या फडक्यानं लख्ख पुसा आणि वर खडूची पूड चोळा. तडा असेल तर आत मुरलेलं तेल वर येतं आणि पांढऱ्यावर काळपट रेघ उमटते. मालक शेजारी उभा असेल तर भाव तिथंच उतरतो. वेल्डिंग केलेलं मशीन वाईटच असं नाही. पण पट्टी कुठं मारलीय आणि शेजारून पुन्हा तडा निघालाय का, हे बघून घ्या.

ट्रान्समिशन, म्हणजे गिअरबॉक्स, थंड असताना कधीच खोटं बोलत नाही असं कुणी म्हणालं तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. घसरणारी क्लच प्लेट थंड तेलात धरून ठेवते आणि तासाभरानं सोडते. म्हणून मशीनकडून तासभर खरं काम करून घ्या आणि मग पहिल्या गिअरमध्ये खडीच्या ढिगात घाला. इंजिन ओरडतंय आणि चाकं हलत नाहीत, तर क्लच किंवा कन्व्हर्टरचं (इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) काम आहे. पुढं-मागं गिअर टाकताना मशीन उशिरा धरत असेल तरी तोच संशय. डावा ब्रेक दाबला की बहुतेक लोडरमध्ये ट्रान्समिशन सुटतं, त्यामुळे चाचणी करताना डाव्या पेडलवर पाय नको. जमलं तर ट्रान्समिशनचा फिल्टर कापून बघायची परवानगी मागा. बारीक काळी पूड चालते, लोखंडाचे चमचमते तुकडे चालत नाहीत. मालक फिल्टर कापू देत नसेल तर त्या ट्रान्समिशनचं काम धरूनच भाव बोला.

हायड्रॉलिकचं फार अवघड नाही. भरलेली बकेट वर नेऊन लिव्हर मधल्या जागी सोडा आणि दहा मिनिटं बघा किती खाली येते. फार आली तर आत कुठंतरी दाब गळतोय. खाली कुणी उभं राहू नये. पंप, वाल्व, होज दुरुस्त होतात, ते पैशात मोजता येतं.

टायरचा आकार आमच्या भागात बहुतेक १७.५-२५ किंवा २०.५-२५. चारही एकाच मापाचे आणि साधारण सारखे झिजलेले हवेत, नाहीतर फोर व्हील ड्राइव्हचे एक्सल एकमेकांशी भांडतात. चार टायर बदलायचे तर दीड-दोन लाख सहज जातात, ते भावातून आधीच वजा करा.

कागदपत्रं. आरसी असेल तर चेसिस नंबर मशीनवर स्वतः वाचून जुळवा. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (कर्जाची नोंद काढायचा) हातात आल्याशिवाय विसार देऊ नका, नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. नोंदणीच न झालेलं, खाणीतच फिरलेलं मशीन असेल तर पहिल्या खरेदीच्या बिलापासूनची साखळी मागा. आणि पैसे देण्याआधी पार्टच्या दुकानात फोन लावून ट्रान्समिशन आणि ब्रेकचे पार्ट मिळतात का विचारा. जुन्या 'हिंदुस्थान २०२१' मॉडेलसारख्या मशीनवर काम केलेले फिटर अजून आहेत. परदेशातून सेकंड हँड आलेल्या अनोळखी मॉडेलचं एक सील शोधण्यात महिना जातो.

घरी आणलं की मागचा मालक काय सांगतो ते बाजूला ठेवून सगळी तेलं, फिल्टर, कूलंट बदला आणि तारीख-तास लिहून काढा. इंजिन ऑईल २५० तासांनी, हायड्रॉलिकचा फिल्टर ५०० तासांनी. पुस्तक असेल तर पुस्तकाप्रमाणे. एक्सलमध्ये तेलात बुडालेले ब्रेक असतील तर पुस्तकात लिहिलेलंच तेल घाला. बाजारातलं साधं गिअर ऑईल घातलं की ब्रेक कुंथायला लागतात आणि प्लेटा जातात. विहिरीचं पाणी रेडिएटरमध्ये घालू नका, क्षार साचतो.

ग्रीसिंग रोज, आणि ते कामाच्या शेवटी करा. पिना गरम असताना ग्रीस आत शिरतं आणि धूळ मिसळलेलं जुनं ग्रीस बाहेर पडतं. नवं ग्रीस कडेनं दिसेपर्यंत पंप मारा. सेंटर जॉइंटचे निपल (ग्रीस भरायची तोंडं) खाली, चिखलात असतात आणि ऑपरेटर तेच टाळतो, म्हणून ते तुम्ही बघा. एअर क्लीनर दगडावर आपटून झटकायची आमच्याकडं सवय आहे, त्यानं कागद फाटतो आणि धूळ थेट इंजिनात. हवा मारायची तर आतून बाहेर, कमी दाबानं. आतलं छोटं फिल्टर धुवायचं नाही, झटकायचं नाही, बदलायचं. बगॅसवर काम असेल तर रेडिएटरला दर पाळीला हवा मारा, पंख्याच्या उलट दिशेनं, आणि सायलेन्सरभोवतीचा भुसा हातानं काढा, पण इंजिन थंड झाल्यावर.

टायरवाल्याला एक सांगून ठेवा. रिम अनेक तुकड्यांची असेल तर नट सैल करायच्या आधी हवा पूर्ण काढायची, व्हॉल्व्हची सुई काढून. आणि भरताना कुणीही टायरच्या समोर बसायचं नाही, लांब नळीनं बाजूला उभं राहून भरायची.