काजूच्या युनिटमध्ये बझर ऐकू न येणाऱ्या कामगारासाठी काय चाललं: माझा अनुभव

वेंगुर्ल्याजवळ आमचं छोटं काजू युनिट आहे. काजू बी वाफवायच्या कुकरवर कामाला ठेवलेल्या मुलीला ऐकू येत नाही. वाफेची वेळ संपली की बझर वाजायचा, ती शेजारी बी निवडत राहायची. वाफ जास्त झाली की गर पिवळट पडतो, भाव उतरतो. तिची आई म्हणाली, "पोरीक काम येता, भोंगो तेवढो ऐकाक येणा नाय." खरंच होतं ते.

आधी मोबाईलचं व्हायब्रेशन लावलं. एप्रनच्या खिशात कळेना. शेजारणीने हात लावून सांगायचं ठरलं, पण ती जागेवर असेल तर ना! बझरशेजारी साधा बल्ब लावला. दिवसाच्या उजेडात तो दिसेना. दोन घाणे गेले, डोकं फिरलं.

शेवटी वायरमनकडून हे करून घेतलं. मेन बंद. बझरवरचा व्होल्टेज वाचला, आमचा २३० होता. तेवढ्याच व्होल्टेजचा लुकलुकणारा लाल दिवा आणला, स्थिर नको. त्याच्या दोन वायरी बझरच्याच दोन टर्मिनलना समांतर जोडल्या. टायमरला हात लावला नाही. दिवा कुकरवर न लावता तिच्या निवडायच्या टेबलासमोर, बसल्यावर डोळ्यांच्या उंचीला लावला. दिव्याच्या मागे उघडी खिडकी नको, ही खरी मेख. मग टायमर एका मिनिटावर लावून, ती मान खाली घालून बी निवडत असताना पाहिलं. लगेच उठली.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अशा गरजेनुसार केलेल्या बदलांची तरतूद आहे, हे मला नंतर कळलं.

आता बाकीच्या बायकाही दिवाच बघतात. कटरच्या आवाजात बझर त्यांनाही नीट ऐकू येत नव्हता.