जीनोमिक्सचा पहिला सराव: एकच जागा, पण शेवटपर्यंत

नांदेड-संभाजीनगरात एमएस्सी करणारी मुलं संगणकीय जीनोमिक्सकडे वळली की आधी अख्खा जीनोम उतरवायला बसतात. एका माणसाचा जीनोम (सगळा डीएनए) सरासरी ३० वेळा वाचला तर त्याच्या कच्च्या फाइली सहज ५० जीबीच्या वर जातात. ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर आणि भारनियमनात ते काम तडीस जात नाही. त्यापेक्षा जीनोममधली एकच जागा धरा.

किनवट-माहूर पट्ट्याला सिकलसेल नवा नाही. हिमोग्लोबिनच्या एचबीबी जनुकाच्या दोन्ही प्रतींत 'ए' या डीएनए-अक्षराच्या जागी 'टी' आला की हा आजार होतो, पण बदल तोच असून त्रास कमी-जास्त असतो. ज्याच्या रक्तात गर्भातलं हिमोग्लोबिन जास्त टिकतं, त्याला त्रास कमी. ते हिमोग्लोबिन दाबून ठेवणारं जनुक म्हणजे दुसऱ्या गुणसूत्रावरचं बीसीएल११ए. त्याच्या दुसऱ्या इन्ट्रॉनमध्ये (जनुकातल्या प्रथिन न घडवणाऱ्या तुकड्यात) लाल पेशींपुरता चालणारा एन्हान्सर, म्हणजे जनुकाचं काम वाढवणारा डीएनएचा तुकडा, आहे. २०२३च्या अखेरीस ब्रिटन-अमेरिकेत मान्य झालेली कॅसजेव्ही ही क्रिस्परची (डीएनए नेमक्या जागी कापणाऱ्या तंत्राची) उपचारपद्धती त्या एन्हान्सरवरच काप घेते. जनुकांचं नियमन शिकायला याहून चांगली जागा क्वचितच मिळेल.

आरएस१४२७४०७ हा व्हेरियंट (माणसामाणसांत वेगळं असणारं अक्षर) तिथलाच. 'जी'ऐवजी 'टी' असला की ते हिमोग्लोबिन वाढतं. जीनोम ब्राउझर या वेबसाइटवरच्या नकाशात तो शोधा. मानवी संदर्भ जीनोमच्या ३८व्या आवृत्तीत त्याचा पत्ता ६,०४,९०,९०८ आणि ३७व्या आवृत्तीत ६,०७,१८,०४३. आवृत्त्यांची सरमिसळ झाली तर तुम्ही सव्वादोन लाख अक्षरं दूर, थेट जनुकाच्या बाहेर पडता आणि प्रोग्राम चकार शब्द काढत नाही. म्हणून फाइलच्या नावातच आवृत्ती लिहा.

मग टॅबिक्स या मोठ्या फाइलीतला हवा तेवढाच भाग काढणाऱ्या प्रोग्रामने १००० जीनोम्स या जगभरच्या लोकांचे जीनोम खुले करणाऱ्या प्रकल्पातला आजूबाजूचा १० हजार अक्षरांचा तुकडा तेवढा ओढा; मोबाइलच्या हॉटस्पॉटवर भागतं. उत्तर रिकामं आलं तर आधी गुणसूत्राचं नाव बघा: कुठे नुसतं '२' असतं, कुठे 'सीएचआर२'. एका अक्षराची चूक दिसली तर बेड फाइल (जीनोममधल्या जागांची यादी) शून्यापासून मोजते आणि व्हीसीएफ (व्हेरियंटची यादी) एकापासून, हे आठवा.

शेजारचे व्हेरियंट सोबतच वारशाने येतात, त्यामुळे पी-व्हॅल्यू (संबंध नसतानाही निव्वळ योगायोगाने असा निकाल दिसण्याची शक्यता) ५×१०⁻⁸च्या खाली गेली म्हणजे कारण सापडलं असं नाही. सोबतीचा हा हिशोब समाजागणिक बदलतो. या प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यात २६ गटांतली २,५०४ माणसं आहेत. गुजराती आणि तेलुगू आहेत, मराठी गट नाही, किनवट भागातल्या कोलाम-आंध या आदिवासी जमातीही नाहीत. युरोपीय आकड्यांवर किनवटचा निष्कर्ष काढू नका.

सगळ्यात जास्त घसरण होते ती ऊतक निवडताना. जीटेक्स या, कुठल्या ऊतकात कुठलं जनुक किती चालतं ते सांगणाऱ्या माहितीसाठ्यात 'रक्त' निवडून परिणाम दिसला नाही, की व्हेरियंट निरुपयोगी ठरवला जातो. पण हा एन्हान्सर चालतो लाल पेशी घडवणाऱ्या पूर्वपेशींत. त्या अस्थिमज्जेत असतात, शिरेतून काढलेल्या रक्तात जवळपास नसतातच. त्यांचाच एटॅक-सेक (डीएनएचा कुठला भाग उघडा आहे ते दाखवणारा) डेटा शोधा.

एवढं जमलं की लठ्ठपणाशी जोडलेली एफटीओ जनुकाची जागा घ्या. तिथला व्हेरियंट एफटीओच्या आत बसतो, पण हलवतो ते सुमारे ५ लाख अक्षरं लांबचं आयआरएक्स३ हे जनुक.