पीएम किसानचा हप्ता अडला, तर आधी काय पाहावे

शेतकऱ्यांना थेट पैसे देणाऱ्या केंद्राच्या पीएम किसान योजनेचा दोन हजारांचा हप्ता आला नाही, की बहुतेक शेतकरी आधी बँकेत पासबुक भरून घेतात, मग तलाठ्याकडे जातात आणि अखेरीस तालुक्याला खेटे घालतात. यांपैकी नेमके कोठे जावे लागणार, हे घरबसल्या कळू शकते. राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीला वेगळा अर्ज नसतो आणि ते पैसे पीएम किसानच्याच पात्र लाभार्थ्यांना मिळतात; त्यामुळे केंद्राचा हप्ता अडला, की सहसा राज्याचाही अडतो.

योजनेच्या संकेतस्थळावर 'नो युवर स्टेटस' येथे नोंदणी क्रमांक आणि मोबाइलवर आलेला ओटीपी भरावा. क्रमांक हाती नसल्यास तो तेथेच आधार किंवा मोबाइल क्रमांकावरून काढता येतो. उघडलेल्या पानावर लँड सीडिंग (जमिनीच्या नोंदीची जोडणी), ई-केवायसी (ऑनलाइन ओळख पडताळणी) आणि आधार-बँक सीडिंग (आधारची बँक खात्याशी जोडणी) या तीन नोंदींपुढे 'येस' किंवा 'नो' दिसते. जेथे 'नो' असेल, तेथेच अडचण आहे.

ई-केवायसी त्यातल्या त्यात सोपे. आधारला मोबाइल जोडलेला असेल तर ओटीपीवर होते, नसेल तर सेवा केंद्रात अंगठा द्यावा लागतो. शेतात राबून बोटांचे ठसे झिजलेल्या वृद्धांना यंत्र अनेकदा ओळखत नाही. त्यांच्यासाठी योजनेच्या अ‍ॅपमध्ये चेहरा दाखवून ओळख पटवण्याची सोय आहे. हे अ‍ॅप प्ले स्टोअरमधूनच घ्यावे. व्हॉट्सअ‍ॅपवर त्याच नावाने फिरणारी एपीके (अ‍ॅप बसवणारी) फाइल उघडल्यास बँक खाते रिकामे होण्याचा धोका असतो.

खरा घोळ बँकेत होतो. काउंटरवर 'आधार लिंक आहे' असे सांगतात आणि ते खोटेही नसते. पण खात्याला आधार जोडणे वेगळे आणि एनपीसीआय या देशातील पेमेंट व्यवस्था चालवणाऱ्या संस्थेच्या नोंदीत ते खाते सरकारी पैशांसाठी लावणे वेगळे. आधार अनेक खात्यांना जोडता येते, मात्र अशी नोंद एका वेळी एकाच खात्याची असते. आमच्या मामांनी गावातल्या एका शिबिरात नवे खाते उघडताना संमतीपत्रावर सही केली होती. पुढचे तीन हप्ते त्या खात्यात पडत राहिले आणि मामा जुन्याच पासबुकात शोधत राहिले. म्हणून 'येस' असूनही पैसे दिसत नसतील, तर माय आधार संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' पाहावे; तेथे बँकेचे नाव दिसते. खाते बदलायचे असल्यास हव्या त्या बँकेत डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी, आधार सीडिंगचा अर्ज द्यावा.

लँड सीडिंगपुढे 'नो' असेल, तर ताजा सातबारा, आठ-अ (खातेदाराच्या सर्व जमिनींचा उतारा) आणि आधारची प्रत घेऊन तहसील किंवा तालुका कृषी कार्यालयात अर्ज करावा. त्याआधी सातबारावरील नाव आधारशी अक्षरशः ताडून पाहावे. वडील वारले असतील, तर त्यांच्या नावावर हप्ता घेत राहणे चुकीचे आहे आणि ती रक्कम परत करावी लागते. आधी वारस नोंदीचा फेरफार (जमिनीच्या नोंदीतील बदल) मंजूर करून घ्यावा आणि मग स्वतःची नोंदणी करावी. त्यासाठी आता शेतकरी ओळख क्रमांकही लागतो. १ फेब्रुवारी २०१९ नंतर विकत घेतलेल्या जमिनीवर लाभ मिळत नाही, वारसाहक्काने आलेल्या जमिनीवर मिळतो. अर्ज नेहमी दोन प्रतींत न्यावा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नये.