ठाण्याहून मुंबईत दोन दिवस, तीन वयांच्या मुलांना घेऊन

ठाणेकरांना मुंबई ही सहल वाटतच नाही. लोकल रोजची, सीएसएमटी रोजचं, त्यात आखायचं काय? म्हणूनच ही सहल हमखास फसते. शनिवारी अकराला निघायचं, राणीची बाग, म्युझियम, गेटवे, चौपाटी सगळं एका दमात उरकायचं, आणि संध्याकाळी साडेसहाला दादरहून खच्चून भरलेल्या फास्टमध्ये शिरायचं. तोवर धाकटं खांद्यावर झोपलेलं, मधलं रडकुंडीला आलेलं आणि थोरलं कुणाशी बोलतच नाही.

इथे तीन, आठ आणि तेरा वर्षांची मुलं धरली आहेत. वयं थोडी पुढेमागे असली तरी हिशेब फारसा बदलत नाही.

आधी झोप, मग ठिकाण

कागद घ्या आणि पहिल्यांदा धाकट्याची दुपारची झोप लिहा. साडेबारा ते अडीच झोपत असेल तर ते दोन तास सगळ्या कुटुंबाचे गेले असं समजा. झोप चुकवून "आज चालेल" म्हटलं तर ती पाच वाजता, नेमकी परतीच्या गर्दीत, वसूल होते. झोपेच्या आधी एक मोठं ठिकाण आणि झोपेनंतर एक छोटं, एवढंच एका दिवसात बसतं. तिसरं ठिकाण यादीत घातलं की पहिल्या दोन्हींची घाई होते.

दुसरा नियम, एका दिवशी शहराचं एकच टोक. भायखळा एक दिवस, फोर्ट-कुलाबा दुसऱ्या दिवशी. मधे "वरळीला पण जाऊन येऊ" नको.

थोरल्याला "कुठे जायचं?" असं मोकळं विचारू नका. उत्तर "कुठेही" किंवा "कुठेच नको" येतं. दोन पर्याय द्या आणि त्याने निवडलेलं खरोखर करा. रविवारची सकाळ त्याच्या नावावर टाका. रस्ता शोधणं, तिकिटं सांभाळणं, पुढचं वळण सांगणं त्याचं. धाकट्याला उचलून फिरणं मात्र त्याच्या गळ्यात मारू नका, ते आईबाबांचं काम. मधल्याची गंमत अशी की ते दोन्हीकडे रमतं, म्हणून त्याला कुणी काही विचारतच नाही. जेवणाची जागा त्याला निवडू द्या.

शनिवार भायखळ्याचा, रविवार फोर्टचा

हा क्रम उलटा करू नका. रविवारी राणीच्या बागेत जत्रा असते आणि पेंग्विनची रांग लांबच लांब. फोर्टमध्ये मात्र रविवारी कचेऱ्या बंद, रस्ते मोकळे, तीन वर्षांच्या मुलाचा हात जरा सैल सोडता येतो.

राणीची बाग, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, साडेनऊला उघडते. बुधवारी बंद, त्यामुळे शनिवार-रविवारला अडचण नाही. सव्वानऊला दारात पोचायचं आणि आत शिरल्यावर वाटेत कुठेही न रेंगाळता थेट हम्बोल्ट पेंग्विन गाठायचे. तासाभराने तिथेच रांगेत पाऊण तास जाऊ शकतो आणि धाकट्याची सकाळची सगळी ताकद तिथे संपते. मग वाघ, बिबट्या, पाणघोडा आणि आत चालत जाता येईल असं पक्षिघर. बाग पन्नास एकरांहून मोठी आहे, सगळं बघायचा हट्ट धरू नका. अकराच्या पुढे वाघ सावलीत आडवा होतो आणि मुलं विचारतात, "खरा आहे का?"

डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय याच आवारात आहे. १८७२ साली सुरू झालेलं, आटोपशीर, तासाभरात बघून होणारं. धाकटं बाबागाडीत झोपलेलं असताना बघायला यासारखी जागा नाही. आठ वर्षांच्या मुलाला तिथल्या मातीच्या छोट्या बाहुल्या आणि जुन्या मुंबईचे देखावे आवडतात, थोरल्याला सात बेटांचे नकाशे दाखवा. बाहेर मोठा दगडी हत्ती उभा आहे, तोही चुकवू नका. तो घारापुरीहून आणलेला आणि याच हत्तीवरून पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं. बहुतेक लोक त्याच्या शेजारून आइस्क्रीम खात निघून जातात.

रविवारी सकाळी साडेआठला सीएसएमटीपासून पायी सुरुवात करा. ही इमारत १८८८ साली पूर्ण झाली. समोरच्या फुटपाथवरून थोरल्याला वरची माकडं, मोर, मगरी शोधायला सांगा, मधलं आपोआप स्पर्धेत उतरतं. तिथून हुतात्मा चौक, काळा घोडा, गेटवे, जेमतेम दोन किलोमीटर. मधल्याला हे सहज जमतं. धाकटं अर्धा किलोमीटर चालेल आणि मग हात वर करेल, ते गृहीत धरा.

छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय सव्वादहाला उघडतं. आधी आवारातलं बच्चेकंपनीचं चिल्ड्रन्स म्युझियम, मग मुख्य इमारतीत फक्त दोनच दालनं: पेंढा भरलेले प्राणी-पक्षी आणि शस्त्रं. लघुचित्रांच्या दालनात घाईने नेऊन मुलांना चित्रांचा कंटाळा आणण्यापेक्षा ते दालन पुढच्या वेळेसाठी राहू द्या.

जेवणाबाबत एक गोष्ट लोकांच्या ध्यानात येत नाही. फोर्टमधली कचेऱ्यांवर चालणारी बरीच उडुपी आणि इराणी हॉटेलं रविवारी बंद असतात. "तिकडे गेल्यावर बघू" म्हटलं तर साडेबाराला बंद शटरसमोर उभं राहायची वेळ येते. जेवण कुलाबा कॉजवेच्या बाजूला धरा किंवा सीएसएमटीसमोरच्या पावभाजीवर, आणि पावणेबाराला टेबल पकडा. साडेबारानंतर भूक आणि झोप एकत्र येतात, तेव्हा कुठलंही हॉटेल वाईटच लागतं.

दुपारनंतर छोटं ठिकाण म्हणून बेस्टची वातानुकूलित दुमजली बस घ्या. ए-११५ सीएसएमटीहून एनसीपीएकडे, म्हणजे नरिमन पॉइंटच्या टोकाच्या नाट्यगृहाकडे जाते. वरच्या मजल्यावर पुढची काच मिळाली तर तिन्ही वयं एकाच वेळी गप्प बसतात, असं ठिकाण मुंबईत दुसरं शोधावं लागेल. एनसीपीएला उतरलं की समोर समुद्र. कठड्यावर बसा, पण पलीकडच्या टेट्रापॉडवर, म्हणजे लाटा अडवायला टाकलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्यांवर, मुलांना उतरू देऊ नका. ते निसरडे असतात आणि फटीत पाय अडकतो. पावसाळ्यात भरतीची वेळ बघूनच जायचं.

दोन सापळे. सीएसएमटीच्या आतलं वारसा दालन शनिवार-रविवारी बंद असतं, त्यामुळे मुलांना ते कबूल करू नका. आणि घारापुरी. लाँचने जायला तास, यायला तास, वर सव्वाशेच्या आसपास पायऱ्या, चढताना माकडं. धाकटं सहा वर्षांचं होईपर्यंत ही वेगळ्या दिवसाची सहल ठेवा. पावसाळ्यात तर लाँचचा भरवसा नाही.

रविवारी पाऊस कोसळत असेल तर फोर्ट रद्द करून वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र. सीएसएमटीहून मेट्रो ३ ने सायन्स सेंटर स्टेशनला उतरता येतं, लिफ्ट आहेत, भिजणं कमी. मग त्या दिवशी तेवढंच, कारण आत चार तास कसे जातात कळत नाही.

लोकल: इथेच सहल बनते किंवा बिघडते

जाताना ठाण्यातूनच सुटणारी स्लो लोकल पकडा. फास्टपेक्षा दहा-पंधरा मिनिटं जास्त लागतात, पण बसायला मिळतं, आणि मुलं घेऊन उभं राहण्यापुढे ती पंधरा मिनिटं काहीच नाहीत. शनिवारी बऱ्याच कचेऱ्या चालू असतात, त्यामुळे आठच्या आत गाडीत असावं.

पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, पाच ते बारा अर्धं, थोरल्याला पूर्ण. मोबाइलवर तिकीट काढणार असाल तर स्टेशनात शिरण्याआधी काढा, फलाटावर उभं राहून ॲप तिकीट देत नाही.

महिलांच्या डब्यात बारा वर्षांखालचा मुलगा चालतो, तेरा वर्षांचा नाही. म्हणजे कुटुंब बहुधा दोन डब्यांत विभागलं जाणार. उतरल्यावर कुठे भेटायचं ते चढण्याआधी ठरवा आणि "फलाटावर" इतकं मोघम ठेवू नका. "पुलाच्या पहिल्या पायरीशी" असं नेमकं हवं. भायखळ्याला गाडी क्षणभरच थांबते, म्हणून परळ गेल्यावर सगळ्यांनी उठून दाराकडे सरकायचं, आधी एक मोठं माणूस उतरेल, मग मुलं, शेवटी दुसरं मोठं माणूस. सीएसएमटी शेवटचं स्टेशन असल्याने तिथे ही घाई नाही, शिवाय फलाटावरून पूल न चढता सरळ रस्त्यावर येता येतं. बाबागाडी असेल तर याची किंमत कळते.

परतताना शनिवारी संध्याकाळी भायखळ्याहून ठाण्याची गाडी पकडू नका. वेगळं तिकीट काढून तीन स्टेशनं मागे सीएसएमटीला जा आणि तिथून सुटणाऱ्या गाडीत बसून या. वीस-पंचवीस मिनिटं जातात, पण चौघा-पाचांना जागा मिळते.

शुक्रवारी संध्याकाळी मेगाब्लॉकची, म्हणजे रुळांच्या दुरुस्तीसाठी काही गाड्या बंद किंवा वळवलेल्या असण्याची, बातमी बघितल्याशिवाय रविवार पक्का करू नका. ब्लॉक साधारण अकरा ते चार असतो. साडेआठला पोचायचं असेल तर जाताना त्रास नाही. परतताना चारला ब्लॉक संपला तरी पाचपर्यंत गाड्या कोंबलेल्या येतात. दोनच्या आत परता किंवा पाचनंतर निघा. स्वतःची मोटार असेल तर रविवारी सकाळी ईस्टर्न फ्रीवेने जाणं सोपं पडतं, मुलुंड आणि ऐरोलीच्या नाक्यांवर हलक्या वाहनांना ऑक्टोबर २०२४ पासून टोलही नाही.

नवी मुंबईकरांसाठी: हार्बरच्या गाड्या भायखळ्याला जात नाहीत, कुर्ल्याला मेन लाइनला बदलावी लागते. कुर्ला-वाशी ब्लॉक असेल तर वाशीहून ट्रान्सहार्बरने ठाण्याला या आणि तिथून सीएसएमटीची गाडी धरा.

रात्र राहायचं की घरी यायचं?

धाकटं चार वर्षांखालचं असेल आणि खर्च झेपत असेल तर राहा. फायदा समुद्रदर्शनाचा नाही, दुपारी झोपायला खोली मिळते हा आहे. खोली घेताना चार गोष्टी फोनवरच विचारा: लिफ्ट आहे का (फोर्ट-कुलाब्यातली बरीच लॉजं जुन्या इमारतींच्या तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर असतात), एका खोलीत पाचजण चालतात का, जास्तीच्या गादीचे किती, आणि खोली मिळण्याआधी सामान ठेवून घेतील का. मोठ्यांची ओळखपत्रं लागतातच, मुलांची आधार कार्डंही बरोबर ठेवा.

राहायचं नसेल तर दोन्ही दिवस अर्धेच ठेवा. दुपारी एकच्या सुमारास सीएसएमटीहून सुटणारी लोकल त्यामानाने मोकळी असते, धाकटं मांडीवर झोपतं आणि अडीचपर्यंत सगळे घरी. संग्रहालयं कमी बघून होतील, पण सोमवारी शाळेत मुलं ताठ बसतील.

पिशवी

एकच मोठी सॅक नको. एक मोठ्यांकडे, एक छोटी थोरल्याकडे. माणशी एक लिटर पाणी, ते संपलं की भरून घ्यायचं. मेथीचे ठेपले किंवा दशम्या माणशी तीन, राजगिऱ्याचे लाडू, चिक्की, केळी. दहीभात उन्हात आंबतो, नेऊ नका. धाकट्याचे कपड्यांचे दोन जोड, मधल्याचा एक, ओले कपडे ठेवायला तीन-चार पिशव्या, ओआरएसची दोन पाकिटं. बाबागाडी न्यायची तर एका हाताने मिटणारी, नाहीतर झोळीसारखं अंगावर बांधायचं. जड बाबागाडी फुटपाथवर दर पन्नास पावलांना उचलावी लागते.

दोन्ही लहान मुलांच्या खिशात फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी. आणि एक गोष्ट निघण्याआधी घरात दोनदा म्हणून घ्यायची: कुणी गाडीत राहिलं तर त्याने पुढच्या स्टेशनला उतरून तिथेच थांबायचं, कुणी फलाटावर राहिलं तर तिथून हलायचं नाही. शोधायला मोठे येतील, मुलांनी निघायचं नाही. रेल्वेची मदत १३९ वर, चाइल्डलाइन १०९८. हे दोन्ही आकडे थोरल्याच्या फोनमध्ये आदल्या रात्रीच घालून ठेवा, आणि तो फोन पूर्ण चार्ज आहे का ते स्वतः बघा.