क्लच हायड्रॉलिकमध्ये हात घालताय? या चुका टाळा

नवतपाचं कडक ऊन लागलं की नागपुरातल्या स्पोर्ट्स कारवाल्यांच्या गप्पा फिरून फिरून क्लचवरच येतात, कोणाचं पेडल मऊ झालं, कोणाचा रिव्हर्स कर्रकन वाजून राहिला, आणि मग कोणीतरी म्हणतेच, भाऊ मोठा मास्टर सिलिंडर टाक ना, माझ्या गाडीत मस्त चालून राहिला. सल्ला मनापासूनच असते, पण त्याची गाडी वेगळी, तुमची वेगळी, आणि जास्तीत जास्त पैसे इथंच बुडतात.

मास्टर म्हणजे पेडल दाबलं की लाइनमध्ये फ्लुइड ढकलणारा सिलिंडर, आणि लाइनच्या दुसऱ्या टोकाला त्या जोरावर क्लच सोडवणारा तो स्लेव्ह. मास्टरचा ५/८ इंची बोअर, म्हणजे आतला व्यास, काढून ३/४ इंची टाकला तर पिस्टनचं क्षेत्रफळ १९८ वरून २८५ चौरस मिलिमीटर होते, म्हणजे तेवढंच पेडल दाबून ४४ टक्के जास्त फ्लुइड ढकललं जाते. पेडल जड होईल ते होईलच, वरून क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग गरजेपेक्षा पुढं गेलं तर क्लच दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटच्या डायफ्राम स्प्रिंगची वाट लागते. पेडल स्टॉप, म्हणजे पेडल जास्त खाली जाऊ न देणारा अडसर, लावायचा नसेल तर हा उद्योग करूच नका.

आणि आधी बिमारी तर शोधा! पेडल दाबून धरलं, बाहेर कुठं गळती नाही तरी ते हळूहळू खाली बसते, तर मास्टरचे आतले रबर गेले. दोन-चारदा पंप केल्यावर कडक होते तर लाइनमध्ये एअर आहे. या दोन्हीत स्टीलच्या जाळीची महागडी ब्रेडेड लाइन टाकून काहीच फरक पडत नाही, तरी लोक पहिले तीच मागवतात.

फ्लुइडमध्ये मात्र फोकनाड चालत नाही. क्लचमध्ये बहुतेक ब्रेक फ्लुइडच असते, त्यातले डॉट ३, डॉट ४, डॉट ५.१ हे ग्रेड एका जातीचे, डॉट ५ सिलिकॉनचा, तो यांच्यात मिसळायचा नाही. पोर्शे ९९६ टर्बोचं तर वेगळंच, तिच्या क्लचला पॉवर स्टिअरिंगच्या पंपाची मदत असते आणि आत पेंटोसिन नावाचं हायड्रॉलिक तेल राहते. प्रेशर साठवणारा अॅक्युम्युलेटर गेला की पेडल दगडासारखं होते, म्हणून बरेच ओनर पोर्शेच्याच जीटी२ मॉडेलचा स्लेव्ह टाकतात जो ब्रेक फ्लुइडवर चालतो. नुसता स्लेव्ह बदलून जुन्याच मास्टरमध्ये ब्रेक फ्लुइड ओतला तर मास्टरचे रबर खराब, कारण ते पेंटोसिनसाठी बनलेले असतात. मास्टरसकट पूर्ण किट घ्या.

एअर काढताना एक जण पेडलवर, एक खाली स्लेव्हच्या निप्पलपाशी, म्हणजे एअर सोडायच्या स्क्रूपाशी. खालचा "धर" म्हणेल तेव्हा पेडल तळाशी धरून ठेवायचं, निप्पल पुन्हा टाइट झाल्याशिवाय पाय उचलायचा नाही, उचलला की एअर परत आत. वरचा मित्र गप्पांच्या नादात फटाफट पंप मारत असेल तर त्याले उठवा न् दुसरा बसवा, फ्लुइडचा फेस झाला की बुडबुडे काढता काढता संध्याकाळ होते. रिझर्व्हॉयर रिकामा पडू देऊ नका, लाइन जोडणाऱ्या बॅन्जो बोल्टचे तांब्याचे वायसर दोन्ही बाजूंना नवेच लावा. पेंटवर फ्लुइड सांडला तर पुसत बसू नका, पाणी ओता.

पेडल आणि मास्टरचा पिस्टन यांच्यामधल्या पुशरॉडला थोडा प्ले, म्हणजे ढील, ठेवायचाच. काही जण पेडल लवकर लागावं म्हणून तो शून्य करतात, मग मास्टरचा पिस्टन पूर्ण मागं येत नाही, फ्लुइड परतायचं बारीक छिद्र बंद राहते, आणि ४५ डिग्रीत फ्लुइड फुगला की प्रेशर अडकून क्लच आपोआप स्लिप होऊन राहते. ओळखायचं असं: गाडी गरम, क्लच स्लिप होतोय, पाय पेडलवर नाही, अशात गाडी बंद करून निप्पल हळूच सैल करा, थोडा फ्लुइड चिळकांडी मारून आला आणि क्लच धरला तर बाकी काही उघडू नका, पुशरॉडच सेट करा.

टेस्टला समृद्धीवर पळू नका, टॉप गिअर टाकल्यावर तिथं क्लच लागतेच कुठं. संध्याकाळी व्हरायटी चौकातून दोन चकरा मारा, पेडल गरम गाडीतही त्याच जागी लागते का बघा, आणि घरी आल्यावर पेडलमागं फायरवॉलपाशी, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यापाशी, बोट फिरवा, ओलं लागलं तर मास्टर मागून गळून राहिला.