अमेरिकन कॉलेजमधलं मुलींचं बास्केटबॉल: असिस्टंट कोच कसं व्हायचं आणि टिकायचं कसं

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, असिस्टंट कोचची नोकरी तुम्हाला बास्केटबॉल आवडतं म्हणून कोणी देत नाही. हेड कोचच्या डोक्यावरचं एखादं काम तुम्ही स्वतःकडे घेता आणि इतकं नीट करता की त्यांना परत त्याच्याकडे बघावं लागत नाही, तेव्हा ती नोकरी मिळते, आणि टिकते पण त्याच्यामुळेच. त्यामुळे प्रत्येक पायरीवर विचारायचा प्रश्न एकच, इथे माझ्या हवाली कुठलं काम आहे.

आत शिरायचे रस्ते ठरलेले आहेत. कॉलेजला स्वतः खेळला असाल तर सोपं जातं, पण नसाल खेळला तरी शिकत असतानाच टीमचे स्टुडंट मॅनेजर व्हा. बॉल पुसणं, रिबाउंड करून देणं, प्रॅक्टिसचं व्हिडिओ शूटिंग, स्टॅट्स लिहिणं, दिसायला हलकं काम आहे पण तुम्ही रोज कोर्टच्या कडेला उभे असता आणि प्रॅक्टिस कशी आखतात ते फुकटात शिकता. मुलींच्या बास्केटबॉलमध्ये अजून एक खास दार आहे ते म्हणजे प्रॅक्टिस प्लेयर. बऱ्याच टीम्स कॉलेजातल्याच मुलांना प्रॅक्टिसला बोलावतात, पुढच्या मॅचमधली समोरची टीम म्हणून त्यांना खेळवतात, आणि ह्या मुलांना गोळा करणं, वेळेवर आणणं, समोरच्या टीमचे सेट्स, म्हणजे ठरवलेल्या चाली, शिकवणं हे सगळं कुणाला तरी करावंच लागतं. ते मागून घ्या. दहा पोरांना वीस मिनिटात चार सेट्स शिकवता आले तर कोचिंग येतंय की नाही ते तिथेच कळतं.

त्याच्यापुढची पायरी ग्रॅज्युएट असिस्टंट, म्हणजे मास्टर्स करता करता टीमबरोबर काम, बदल्यात फी माफ किंवा कमी आणि थोडासा स्टायपेंड. पॅट समिट १९७४ मध्ये टेनेसी युनिव्हर्सिटीला आल्या त्या ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणूनच काम करणार होत्या, पण हेड कोच सुट्टीवर गेल्या आणि २२ व्या वर्षी टीम समिटच्या हातात आली. महिन्याला २५० डॉलर, युनिफॉर्म स्वतः धुवायचे आणि व्हॅन पण स्वतःच चालवायची. पुढे १,०९८ विजय आणि ८ नॅशनल टायटल्स. आता अशी एकदम लॉटरी लागत नाही, पण कुठलंच काम खालचं न मानायची ती सवय आजही जशीच्या तशी लागते. ग्रॅज्युएट असिस्टंटशिवाय व्हिडिओ कोऑर्डिनेटर आणि डायरेक्टर ऑफ ऑपरेशन्स ह्या दोन जागा असतात. ऑपरेशन्स म्हणजे बस, विमान, हॉटेल, जेवण, वेळापत्रक. माझं मत विचाराल तर व्हिडिओवाली जागा घ्या कारण तिथून कोर्टवर यायला कमी वेळ लागतो. बाहेरच्या देशातून एफ-१ व्हिसावर येणार असाल तर सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंतच काम करता येतं, तेव्हा इंटरनॅशनल ऑफिसला आधी विचारा, मग टीमला हो म्हणा.

डिव्हिजन १ च्याच, म्हणजे कॉलेज खेळांच्या एनसीएए संघटनेच्या सगळ्यात वरच्या पातळीच्याच, मागे लागू नका. डिव्हिजन २, डिव्हिजन ३, एनएआयए (छोट्या कॉलेजेसची वेगळी संघटना), ज्युनियर कॉलेज, ह्या सगळीकडे स्टाफ छोटा असतो, पगार पण कमी, पण पहिल्याच वर्षी स्काउट (समोरच्या टीमचा अभ्यास), रिक्रूटिंग (नवीन खेळाडू शोधून आपल्या कॉलेजला आणणं), प्रॅक्टिस सगळं अंगावर येतं. डिव्हिजन ३ मध्ये तर अ‍ॅथलेटिक स्कॉलरशिपच नसते, त्यामुळे मुलीला आणि घरच्यांना फक्त शिक्षण आणि तुमचा प्रोग्राम ह्यावर पटवायला लागतं, रिक्रूटिंग शिकायला ह्याच्यापेक्षा चांगली जागा मला माहीत नाही. आणि डिव्हिजन १ मध्येही २०२३ च्या उन्हाळ्यात स्टाफ वाढवायची परवानगी मिळाली, हेड कोचबरोबर पाच असिस्टंट, पण तेव्हा वाढलेल्या दोघांना कॅम्पसबाहेर रिक्रूटिंगला जाता येणार नाही असा नियम होता. म्हणून इंटरव्ह्यूला गेलात की स्पष्ट विचारा, ह्या जागेला रिक्रूटिंगसाठी बाहेर जायची मुभा आहे का. टायटल तेच असलं तरी काम वेगळं असू शकतं.

आता स्काउट. सीझनमध्ये समोरच्या टीम्स असिस्टंट्समध्ये वाटून दिलेल्या असतात, ही मॅच तुझी, ती माझी. तुमच्या वाट्याला आलेली टीम म्हणजे तिच्या शेवटच्या चार-पाच मॅचेस सिनर्जी किंवा हडल ह्या व्हिडिओ सॉफ्टवेअरवर बघायच्या, एकदा नुसत्या आणि मग थांबवत थांबवत, कोण डावीकडे ड्राइव्ह करते, कोण कॅच करून लगेच शूट करते, कुठल्या हाताच्या खुणेला कुठला सेट येतो, बेसलाइनवरून बॉल आत टाकताना पहिला पर्याय कोणता. नवीन लोक इथे एक गोष्ट फार करतात, जेवढं बघितलं तेवढं सगळं रिपोर्टमध्ये भरतात. खेळाडूंना तेवढं लागत नाही. वीस पानं तुम्ही स्वतःजवळ ठेवा, मुलींना एक-दोन पानं आणि दहा मिनिटांची फिल्म द्या, आणि तीनच मुद्दे असे सांगा की चौथ्या क्वार्टरमध्ये दमलेल्या मुलीला पण आठवतील. हेड कोचसमोर उभं राहून सांगताना "मला वाटतं" कमी करा, "पिक अँड रोलला ह्यांच्या गार्डला आपण अंडर जायचं कारण ती बाहेरून टाकत नाही" असं थेट बोला (पिक अँड रोल म्हणजे एक जण आडवी उभी राहून बॉलवालीला वाट करून देते, आणि अंडर म्हणजे आपल्या मुलीने तिच्या मागून जाणं). मॅचच्या वेळी त्यांचा कॉल ऐकू आला की तुमच्या बेंचवरून लगेच ओरडून सांगायचं. मॅच झाल्यावर परत फिल्म लावून आपलं काय चुकलं, काय बरोबर आलं ते लिहून ठेवायचं, जिंकलो तरी.

मुलींच्या कॉलेज बास्केटबॉलचे नियम मुलांपेक्षा वेगळे आहेत तेही पाठ पाहिजेत. २०१५-१६ पासून दहा-दहा मिनिटांचे चार क्वार्टर्स, आणि शेवटच्या मिनिटात टाइमआउट घेतला की बॉल पुढच्या कोर्टात नेऊन बाजूने आत टाकता येतो. म्हणजे साइडलाइनचे दोन-तीन चांगले प्लेज तयार पाहिजेतच. बरेच स्टाफ हे काम एकाच असिस्टंटला देऊन टाकतात. नवीन असाल तर हे नक्की मागा, कारण एका मॅचचा निकाल तुमच्या प्लेवर लागला की हेड कोच ते विसरत नाहीत.

रिक्रूटिंगमध्ये आधी कॅलेंडर. डेड पिरियडमध्ये समोरासमोर भेट कुठेच नाही, क्वाएट पिरियडमध्ये फक्त तुमच्या कॅम्पसवर, इव्हॅल्युएशन पिरियडमध्ये बाहेर जाऊन खेळ बघता येतो पण समोर उभं राहून बोलता येत नाही, आणि कॉन्टॅक्ट पिरियडमध्ये दोन्ही चालतं. तारखा दरवर्षी बघायच्या आणि शंका आली की कंप्लायन्स ऑफिसला, म्हणजे कॉलेजात नियम सांभाळणाऱ्यांना, फोन, मित्राला विचारून चालत नाही. जुलैमध्ये हायस्कूलच्या मुलींच्या मॅचेस बघायला सकाळी आठपासून रात्रीपर्यंत जिममध्ये कॉलेजचा टीशर्ट घालून बसावं लागतं, बोलता येत नाही, पण मुलीने वर बघितलं की तुम्ही दिसला पाहिजे. फक्त पॉइंट्स बघू नका. बेंचवर बसवल्यावर तिचं तोंड कसं होतं, कोच बोलतो तेव्हा डोळ्यात बघते का, टर्नओव्हर झाल्यावर मागे पळते का, आईवडिलांशी कशी बोलते, हे वहीत लिहा. आणि घरच्यांना जे देता येणार नाही ते सांगू नका. पहिल्या वर्षापासून स्टार्टर, असं वचन तर कधीच नाही. मुलगी चार वर्षांसाठी तुमच्या भरवशावर घर सोडून येते, ह्याच्याएवढं जबाबदारीचं काम ह्या नोकरीत दुसरं नाही.

२०१८ मध्ये ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलायचं असलेल्या खेळाडूंची ऑनलाइन यादी, आलं, २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमवायची मुभा, आणि २०२४ पासून शिक्षणाच्या अटी पूर्ण असतील तर कितीही वेळा बदली करून लगेच खेळता येतं. त्यामुळे हायस्कूलची लिस्ट आणि पोर्टलची लिस्ट दोन्ही तयार ठेवाव्या लागतात, शिवाय स्वतःच्या टीममधली कुठली मुलगी नाराज आहे हे फेब्रुवारीतच कळायला पाहिजे. हे हेड कोचला शेवटी कळतं, असिस्टंटला आधी. सीझनमध्ये टीमला आठवड्याला २० तासच प्रॅक्टिस वगैरे करता येते, पण तुमची जवळीक त्या तासांच्या बाहेर तयार होते, स्टडी हॉलच्या दारात, ट्रेनरच्या टेबलाजवळ, बसमध्ये.

एक पोझिशन ग्रुप, म्हणजे एकाच जागेवर खेळणाऱ्या मुली, स्वतःचा करा. जॅन जेन्सन आयोवा युनिव्हर्सिटीला हेड कोच लिसा ब्लूडरबरोबर २००० पासून होत्या, पोस्ट प्लेयर्स (बास्केटजवळ खेळणाऱ्या मुली) घडवणाऱ्या कोच म्हणून त्यांचं नाव झालं, त्यांच्या हाताखालची मेगन गुस्टाफसन २०१९ मध्ये देशातली सर्वोत्तम खेळाडू ठरली, आणि २०२४ मध्ये ब्लूडर निवृत्त झाल्यावर टीम जेन्सनकडेच आली. नील आयव्ही नोटर डेमला बारा वर्षं असिस्टंट, मग मेम्फिस ग्रिझलीज ह्या एनबीए टीमबरोबर एक सीझन, मग २०२० मध्ये परत नोटर डेमला हेड कोच. आणि हेड कोच व्हायलाच पाहिजे असंही काही नाही. क्रिस डेली १९८५ पासून युकॉनला (कनेटिकट युनिव्हर्सिटी) हेड कोच जीनो ऑरिएमांबरोबर आहेत, १२ नॅशनल टायटल्समध्ये त्यांचा हात आहे, आणि २०१८ मध्ये त्या वुमेन्स बास्केटबॉल हॉल ऑफ फेममध्ये गेल्या. लीसा बॉयर पण टेम्पल युनिव्हर्सिटीपासून हेड कोच डॉन स्टेलीबरोबर असिस्टंट, तसंच. मला तर हे करिअर हेड कोचच्या करिअरइतकंच मोठं वाटतं.

म्हणून जॉब निवडताना कॉलेजचं नाव नंतर बघा, माणूस आधी. त्या हेड कोचकडून आधीचे असिस्टंट कुठे गेले, किती वर्षांनी गेले, कोणी हेड कोच झालं का, सोडून गेलेल्यांना फोन करून विचारा. तुम्हाला स्काउट देतात का नुसत्या क्लिप्स कापायला लावतात, मुलं असलेल्या बायका त्या स्टाफवर टिकतात का, हे पण विचारा, विचारायला लाजू नका.

पैशाचं आणि कराराचं पण बोलू. असिस्टंटचे करार बरेचदा एकेक वर्षाचे असतात आणि हेड कोचला काढलं की सगळा स्टाफ जातो, मार्च-एप्रिलमध्ये दरवर्षी हे होतं. त्यामुळे करारात हेड कोच गेल्यावर तुमचा पगार किती महिने चालू राहील ते सही करायच्या आधी वाचा, काही महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा, आणि ओळखी नोकरी असतानाच वाढवा. मुलींच्या बास्केटबॉल कोचेसच्या डब्ल्यूबीसीए संघटनेचं अधिवेशन फायनल फोरच्या (नॅशनल टायटलसाठी उरलेल्या शेवटच्या चार टीम्सच्या मॅचेसच्या) गावात त्याच दिवसात असतं, अर्ध्या जागांची बोलणी तिथल्या लॉबीत होतात. तिकडे जाताना स्वतः केलेले दोन स्काउट रिपोर्ट्स, एक प्रॅक्टिस प्लॅन आणि तुम्ही शिकवलेल्या खेळाडूच्या आधीच्या आणि नंतरच्या क्लिप्स फोनवर तयार ठेवा, टीमची गुप्त माहिती काढून टाकून. आणि काढलंच तर त्या दिवशी पहिला फोन एजंटला किंवा मित्राला नको, तुम्ही रिक्रूट केलेल्या मुलींना करा, बातमी त्यांना फोनवर वाचायला लागायच्या आधी.