खाडीकाठची जुनी पिकअप: मृगाआधी घरच्या घरी करायची कामं

आमची पिकअप 2011 सालची आहे. घणसोली गावात घरासमोर उभी असते, पहाटे तुर्भ्याच्या एपीएमसीला भाजीच्या फेऱ्या करते आणि दुपारी मिळेल ते भाडं मारते: कधी रबाळ्याची खोकी, कधी कळंबोलीचं लोखंड. इतक्या वर्षांत तिच्याखाली झोपून झोपून माझं एक मत पक्कं झालंय. आपल्या ठाणे-नवी मुंबईच्या पट्ट्यात जुन्या गाडीचं आयुष्य सगळ्यात जास्त खातं ते पाणी. आकाशातून पडणारं, रस्त्यावर तुंबणारं, आणि खाडीवरून येणाऱ्या खाऱ्या दमट वाऱ्यातलं. म्हणून घरची कामं पाणी कुठून शिरतं त्या क्रमानेच करतो. मेच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातले दोन रविवार काढले तर मृग लागायच्या आत सगळं उरकतं.

सामान फार लागत नाही. 10 ते 19 नंबरचे रिंग पाने, गोटी पान्यांचा सेट, ग्रीस गन, तारेचा ब्रश, नरसाळं, साधा मल्टिमीटर, हातभर पारदर्शक नळी, सुती चिंध्या आणि गाडीची पुस्तिका. ऑईल किती, कोणत्या ग्रेडचं, नट किती आवळायचे हे प्रत्येक मॉडेलचं वेगळं असतं. ते पुस्तिकेतूनच घ्या, शेजारच्या गाडीवरून नको.

गाडी उचलायची असेल तर जमीन सपाट आणि टणक हवी. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा आटा ढिले करा, विरुद्ध टोकाच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा, जॅक लावा आणि उचलल्यावर चेसिसखाली लोखंडी स्टँड ठेवा. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली हातही घालायचा नाही. विटा आणि सिमेंटचे ब्लॉक एका क्षणात फुटतात, ते स्टँड म्हणून चालत नाहीत. काम झाल्यावर नट समोरासमोरच्या जोडीने आवळा आणि 50-100 किलोमीटर चालल्यावर पुन्हा एकदा तपासा.

मागची पेटी: इथूनच सुरुवात करा

एका जुलैत मी महापे-शिळफाटा रस्त्यावर गुडघाभर पाण्यातून भरलेली गाडी काढली आणि नंतर खाली वाकून पाहिलं नाही. ऑगस्ट संपता संपता मागून घुमल्यासारखा आवाज यायला लागला. डिफरन्शियल (मागच्या अ‍ॅक्सलच्या मधली गिअरची पेटी, तीच ही मागची पेटी) उघडलं तेव्हा आतलं ऑईल दुधाच्या चहासारखं झालं होतं आणि आतल्या क्राऊन-पिनियन गिअरचे दात खरवडले होते. एका संध्याकाळचं काम टाळलं, म्हणून अख्ख्या मोसमाची कमाई गेली. तेव्हापासून हे काम पहिलं.

पाणी आत जातं कसं ते समजून घ्या. भरलेली गाडी चालून मागची पेटी तापलेली असते. ती एकदम थंड पाण्यात उतरली की आतली हवा आकसते आणि बाहेरून ओढ लागते. अ‍ॅक्सलच्या वर बोटाच्या पेराएवढी टोपी असते, ती ब्रीदर. ती मोकळी असेल तर तिथून हवा येते. चिखलाने बुजली असेल तर पेटी ऑईलसीलमधून (ऑईल बाहेर येऊ नये म्हणून लावलेल्या रबरी कडीतून) पाणी ओढते. म्हणून आधी ही टोपी तारेच्या ब्रशने साफ करा, बोटाने फिरवून ती हलते का पाहा.

मग ऑईल. चार-पाच किलोमीटर चालवून आणा म्हणजे ते पातळ होईल. पेटीला दोन बुचं असतात, एक भरायचं आणि एक खालचं निचऱ्याचं. भरायचं बूच आधी उघडा. हे विसरू नका. ते गंजून अडकलं असेल आणि तुम्ही खालून ऑईल सोडून बसला असाल, तर गाडी अंगणातच अडकते. वरचं सुटलं की मगच खालचं काढा. निचऱ्याच्या बुचाला चुंबक असेल तर त्यावर बारीक काळी भुकटी दिसेल, ती जुन्या गाडीत असतेच. नखाएवढे चकचकीत तुकडे दिसले तर मात्र मेकॅनिकला दाखवा. नवीन ऑईल भरायच्या भोकाच्या काठाला येऊन ओघळेपर्यंत भरा आणि बूच लावा.

याच वेळी खाली पडल्या पडल्या ग्रीस गन फिरवा. प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, पाट्यांच्या (गाडीचं वजन पेलणाऱ्या लोखंडी पानांच्या स्प्रिंगच्या) शॅकल पिना, पुढचे स्टिअरिंगचे सांधे, जिथे जिथे निपल (ग्रीस भरायचं छोटं तोंड) दिसेल तिथे. निपल आधी चिंधीने पुसा, नाहीतर बाहेरची वाळू ग्रीसबरोबर आत ढकलाल. जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन मागून नवीन दिसेपर्यंत मारा. ते बाहेर येणारं ग्रीसच पाणी घेऊन येतं. पाट्यांवर एक नजर टाका: एखाद्या पानाला आडवी भेग, सरकलेलं पान, ढिला यू-बोल्ट. पाटा तुटलेला असला की गाडी एका बाजूला झुकून उभी राहते, सपाट जमिनीवर मागून पाहिलं तरी कळतं.

डिझेलमधलं पाणी

अर्धी रिकामी टाकी रात्रभर दमट हवेत उभी राहिली की आतल्या भिंतींवर थेंब जमतात आणि खाली उतरतात. पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून ते तळाशी बसतं. पावसाळ्यात संध्याकाळी टाकी भरून ठेवायची सवय त्यासाठीच चांगली.

डिझेल फिल्टरच्या किंवा सेपरेटरच्या तळाला एक स्क्रू असतो. इंजिन बंद आणि थंड असताना त्याखाली पारदर्शक बाटली धरून दोन आटे ढिला करा. बाटलीत तळाशी पाण्याचा वेगळा थर दिसेल. नुसतं स्वच्छ डिझेल यायला लागलं की बंद करा. मग फिल्टरजवळचा डिझेल ओढायचा हातपंप मारत राहा, तो घट्ट लागेपर्यंत. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या इंजिनात फिल्टरवर हवा काढायचा स्क्रू असतो. पंप मारताना तो थोडा उघडा, बुडबुडे थांबले की आवळा. कॉमन रेलच्या (सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून जास्त दाबाचं डिझेल देणाऱ्या) इंजिनात मात्र पंपापासून इंजेक्टरला जाणाऱ्या धातूच्या नळ्यांना पाना लावू नका. त्यातला दाब 1000 बारच्या वर जातो, ती बारीक धार कातडीच्या आत डिझेल घुसवते.

पावसाळ्यात मी हा स्क्रू दर पंधरा दिवसांनी उघडतो. पाच मिनिटांचं काम आहे.

ब्रेक: ऑईल ओढून घेतं ओलावा

ब्रेक ऑईल हवेतली आर्द्रता शोषून घेतं. डॉट 3 कोरं असताना 205 अंशांच्या वर उकळतं, पाणी मुरलं की ती मर्यादा 140 पर्यंत खाली येते. डॉट 4 ची 230 वरून 155. भरलेली गाडी घेऊन घोडबंदर रोडचा गायमुख घाट उतरताना ब्रेक सतत दाबलेले असतात, सगळं तापतं, ऑईलमधलं पाणी वाफ होतं आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. म्हणून दर दोन वर्षांनी ऑईल बदला, रंग कितीही बरा दिसो.

याला दोन माणसं लागतात. आमच्याकडे धाकटा भाऊ पेडलवर बसतो आणि मी चाकाशी. मास्टर सिलिंडरपासून (पेडल दाबलं की ब्रेक ऑईल ढकलणारा भाग) सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करायची, आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत म्हणजे मागच्या डावीकडून. ब्रेकच्या निपलवर (चाकामागचा, ऑईल आणि हवा सोडायचा छोटा स्क्रू) पारदर्शक नळी चढवा, तिचं दुसरं टोक थोडं नवीन ब्रेक ऑईल घातलेल्या बाटलीत बुडवा. पेडलवाल्याने दाबून धरायचं आणि "धरलं" म्हणायचं. मग तुम्ही निपल पाव आटा उघडायचा, मळकं ऑईल येऊ द्यायचं, निपल बंद करायचा आणि "सोड" म्हणायचं. निपल उघडा असताना पेडल सुटलं तर हवा आत जाते आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. दर पाच-सहा वेळांनंतर मास्टर सिलिंडरवरची ब्रेक ऑईलची डबी भरा, ती रिकामी होऊ देऊ नका. स्वच्छ, बुडबुड्यांशिवाय ऑईल आलं की पुढचं चाक. ऑईल रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, ते रंग खातं.

एबीएस (ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेली गाडी असेल तर हे गॅरेजलाच द्या. मागच्या ड्रमचे लायनर बदलायचं कामही मी घरी करत नाही. जमत नाही असं नाही, पण भरल्या गाडीच्या ब्रेकवर रस्त्यावरच्या दुसऱ्यांचा जीव असतो, आणि तिथे रोज हात असलेला माणूस हवा. जुने सुटे भाग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर स्वस्तात मिळतात. दरवाजा, दिवा, फाळक्याची कडी खुशाल घ्या. ब्रेकचा आणि स्टिअरिंगचा भाग वापरलेला घेऊ नका.

हौदा आणि चेसिस

हौद्यातलं रबर किंवा प्लायवूड वर्षातून एकदा तरी उचला. ओल्या भाजीचं, बर्फाचं, मासळीचं पाणी त्याखाली मुरून राहतं. मासळीचं भाडं मारलं असेल तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा. हौद्याच्या कोपऱ्यांत आणि दरवाज्यांच्या खालच्या कडेला पाणी जायची भोकं असतात, ती जुन्या स्क्रू ड्रायव्हरने मोकळी करा.

गंज दिसला की हातोडीने हलकेच ठोकून पाहा. खणखणीत आवाज आला तर पत्रा शाबूत आहे, बद्द आवाज आला तर आतून खाल्लाय. शाबूत जागेवर तारेचा ब्रश मारून चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा, पॉलिश पेपर मारा, पुसा, पूर्ण कोरडं होऊ द्या, मग रेड ऑक्साइड प्रायमर आणि त्यावर चेसिस ब्लॅक. ओल्या किंवा सैल गंजावर रंग मारला तर गंज आतल्या आत वाढतो. चेसिसला भेग दिसली तर चांगल्या वेल्डरकडे न्या आणि त्याआधी बॅटरीच्या दोन्ही तारा सोडा, नाहीतर अल्टरनेटरचे डायोड जातात.

बरेच जण पावसाळ्याआधी चेसिसवर जळकं ऑईल फवारतात. मी पूर्वी केलंय, आता करत नाही. ते रबरी बुश आणि होस फुगवतं, आणि पहिल्या पावसात सगळं रस्त्यावर येऊन मागच्या दुचाकीवाल्याला पाडतं. काढलेलं ऑईल डब्यात बंद करून जुनं ऑईल गोळा करणाऱ्याला द्या, गटारात नको. आपल्याकडचं गटार शेवटी खाडीला मिळतं. ठाणे खाडीतला फ्लेमिंगो अभयारण्याचा भाग 2022 मध्ये रामसर यादीत (महत्त्वाच्या पाणथळ जागांची आंतरराष्ट्रीय यादी) गेला, दर हिवाळ्यात तिथे ते पक्षी उतरतात. पाच-सहा लिटर काळं ऑईल तिथल्या चिखलात जावं हे मला तरी सहन होत नाही.

बॅटरी आणि अर्थिंग

खाऱ्या हवेत टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड जमते. आधी ऋण तार काढा, मग धन. गरम पाण्यात खायचा सोडा घालून घासा, कोरडं करा, जोडताना धन आधी आणि ऋण शेवटी, वरून पेट्रोलियम जेली. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी 12.6 व्होल्ट दाखवत असेल तर ती भरलेली आहे, 12.2 च्या खाली असेल तर तिच्यावर विसंबू नका. इंजिन चालू असताना 13.8 ते 14.4 यायला हवं.

नवीन बॅटरी घालूनही स्टार्टर रडत असेल तर दोष बहुतेक वेळा अर्थिंगच्या पट्टीत (बॅटरीचं ऋण टोक इंजिन-चेसिसला जोडणारी तार) असतो. मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूला लावा आणि कोणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. आकडा 0.5 व्होल्टच्या वर गेला तर पट्टीची दोन्ही टोकं काढून घासा. हजारो रुपयांची बॅटरी वाचते.

रेडिएटर

इथे पाणी हवंच आहे, पण नळाचं नाही आणि बोअरिंगचं तर मुळीच नाही, खाडीजवळच्या बोअरला क्षार असतात. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं. झाकण थंड इंजिनावरच उघडायचं. झाकणाचं रबर कडक झालं असेल तर नवीन झाकण घ्या. डिपस्टिकवरचं ऑईल दुधाळ दिसलं तर गाडी हलवू नका, कूलंट इंजिन ऑईलमध्ये जातंय.

पाण्यात गाडी बंद पडली तर

चावी मारायची नाही. एवढं एक घरातल्या प्रत्येक चालवणाऱ्याला सांगून ठेवा. हवेच्या नळीतून सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर ते दबत नाही, आणि स्टार्टरच्या एका धक्क्यात कनेक्टिंग रॉड वाकतो. टो करून उंचावर न्या, एअर फिल्टरचा डबा उघडा. कागद ओला असेल तर पुढचं काम मेकॅनिकचं.

गाडी बंद न पडता पाण्यातून निघाली तर थोडं अंतर हळू चालवत ब्रेक हलकेच दाबत राहा म्हणजे ड्रम कोरडे होतील. घरी आल्यावर, त्याच दिवशी नाही तर दुसऱ्या दिवशी तरी, मागच्या पेटीचं भरायचं बूच उघडा आणि बोट घाला. बोटाला आलेलं ऑईल मधासारखं असेल तर बूच लावा, दुधाळ असेल तर त्याच संध्याकाळी बदला.